आठ खुर्च्यांची होडी

क्लाक्सविकच्या वाचनालयात, तळघरात,
दर मंगळवारी संध्याकाळी माझा वर्ग भरतो.
ओल्या लोकरीचा वास, थर्मासातली कॉफी,
आणि व्होल्ट म्हटलं की घड्याळाकडे बघणारे आठ जण:
मासळी कारखान्याचा हिशेबनीस ट्रोन्दुर,
वकीलबाई सुन्वा, पाद्री मिच्याल,
नगरपालिकेतल्या दोघी, विम्याचा एक,
रेडिओवरची बिरिता,
आणि एक दाई. ती का आली
ते तिने अजून सांगितलेलं नाही.

फळ्यावर मी काही लिहीत नाही.
एकतीस वर्षं नियंत्रण कक्षात रात्रपाळ्या केल्या,
सूत्रं मलाही क्वचितच लागली.
मी म्हणते, वीज शिळी होत नाही.
सकाळची संध्याकाळी ऊन करून वाढता येत नाही.
ज्या क्षणी तुम्ही किटली लावता
त्याच क्षणी कुठेतरी कुणीतरी
तेवढं जास्त ओढत असतं.

सुन्वा विचारते, मग माझ्या घरातली वीज नेमकी कुणाची,
धरणाची की पवनचक्कीची?
मी विचारते, होडी पुढे गेली
त्यातलं कितवं हातभर पाणी तुझ्या वल्ह्याचं?
ती हे वहीत लिहून घेते.
वकिलांचं हे बरं असतं.

खुर्च्या दोन रांगांत लावतो.
फेरो बेटांवर वल्ही कुणाला शिकवावी लागत नाहीत,
उन्हाळाभर इथे दुसरं असतं काय?
मी टेबलावर बोटं वाजवते.
खरा ठेका सेकंदाला पन्नास, मी म्हणते,
पण आपली वयं बघता
आपण दोन सेकंदांना एक घेऊ.
आठ पाठी वाकतात, आठ पाठी मागे जातात,
लाकडी जमीन करकरते.
मग मिच्यालच्या खांद्यावर हात ठेवते: तुम्ही थांबा.
ठेका लगेच तुटत नाही.
बघा, होडीच्या अंगात मुरलेला वेग
थोडा वेळ उसना मिळतो.
पण मग जड होतं. रेंगाळतं.
विमेवाल्याच्या कपाळावर खरा घाम.

"आणि ही?" ट्रोन्दुर विचारतो.
दाईने पहिल्यापासून वल्हं नुसतं पाण्यात धरलंय,
मीच तिला तसं सांगितलं होतं.
"ती राखीव."
"म्हणजे न ओढण्याचा पगार?"
"हो."
"हे मी कुठल्या रकान्यात दाखवू?"
आता ओढ, मी दाईला म्हणते.
ती ओढते. त्या मनगटांनी
निम्मं गाव जगात ओढून आणलंय.
ठेका वर येतो.
ट्रोन्दुर दम खात बसतो, पुन्हा रकाना काढत नाही.

मग बिरिता: आणि राखीवही पुरलं नाही तर?

टाळता आलं असतं. कॉफीची वेळ झालीच होती.

असाच एक नोव्हेंबर, मी म्हटलं.
तारांवर मिठाचा थर,
दोन यंत्रं एकामागून एक गप्प.
काटा एकोणपन्नासच्या खाली.
तेव्हा होडी वाचवायला कुणाला तरी उतरवावं लागतं.
रुग्णालय नाही.
शीतगृह नाही, त्यात सगळ्यांचं वर्ष होतं.
समोर बटणांची ओळ, प्रत्येकावर एकेका गावाचं नाव,
चौथ्यावर माझ्या आईच्या गावाचं.
बेचाळीस घरं.
काटा सावरला.
बाकीच्या बेटांवर दिवे जेमतेम लवले असतील,
कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कुणी ठरवलं, हे सुन्वाने विचारलं नाही.
तिने वही मिटली.

खुर्च्या जागेवर लावताना मिच्याल जवळ आले.
"आईला सांगितलंत?"

दुसऱ्या दिवशी गेले होते मी.
टेबलावर सांडलेलं मेणबत्तीचं मेण
ती सुरीने खरवडत होती.
काय झालं होतं गं काल, तिने विचारलं.
वारा होता, मी म्हटलं.

वारा होताच म्हणा.